कात्रज बोगदा ते नवले पूल: ट्रकवाल्यांना वेगाच्या पाट्या दिसत नाहीत की पटत नाहीत?

नऱ्हेवाला

मी पुण्यात नऱ्ह्यात राहतो, नऊ वर्षं झाली. रोज सकाळी पोरीला गाडीवर मागे बसवून शाळेत सोडतो आणि पुढं वारज्याला कामाला जातो, म्हणजे नवले पुलाखालून रोजचं जाणं येणं. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, साताऱ्याकडून येणारा हायवे नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडला की तिथून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर करत सरळ नवले पुलापर्यंत उतारच उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला इथं एका मोठ्या गाडीने रांगेतल्या कितीतरी गाड्या चेपल्या होत्या. आणि १३ नोव्हेंबर २०२५ ला तर कंटेनर समोरच्या गाड्यांवर गेला, आग लागली, माणसं आत अडकून गेली. मी त्या दिवशी ऑफिसात होतो आणि बायकोचा फोन लागत नव्हता. ते वीस मिनिटं मी विसरू शकत नाही.

आता मुद्दा. या उतारावर पाट्या काही कमी नाहीत. वेगमर्यादेच्या आहेत, तीव्र उताराच्या आहेत, अपघातप्रवण क्षेत्र लिहिलंय, लोअर गेअर वापरा लिहिलंय, रम्बलर म्हणजे गाडी हादरवणाऱ्या पट्ट्या आहेत, कॅमेरे आहेत, २०२५ च्या अपघातानंतर मर्यादा अजून खाली आणली. तरी ट्रक सुसाट येतात. सकाळी सर्व्हिस रोडला उभं राहिलं की ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येतो. मागच्या महिन्यात एक दहाचाकी कडेला उभा होता, मागच्या चाकातून धूर येत होता आणि क्लीनर पोरगा पाण्याच्या कॅनने ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतत होता, पाणी पडलं की चर्र आवाज आणि वाफ. पोरगी विचारते बाबा चाकाला ताप आलाय का.

मला शिव्या घालायच्या नाहीत कुणाला. खरंच समजून घ्यायचंय. इथं कुणी ट्रक चालवणारे असतील तर सांगा, ती पाटी बघितल्यावर तुमच्या डोक्यात नेमकं काय येतं?

बाराचाकी_फलटण

दादा तुम्ही सरळ विचारलं म्हणून सरळ सांगतो. बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहे, आधी सहाचाकी मग दहाचाकी आता बाराचाकी, माल भरून ३५ टनांच्या आसपास. आलं, कांदा, साखर, सिमेंट सगळं नेलंय.

पाटी दिसते. दिसत नाही म्हणणारा खोटं बोलतो. पण हायवेला पाट्यांवरचा विश्वास उडालाय त्याचं कारण ऐका. साताऱ्यापासून येताना किती ठिकाणी काम चालू हळू चला २० असे बोर्ड लागतात आणि तिथं काम नसतंच, काम संपून वर्ष झालेलं असतं आणि बोर्ड तसाच उभा, चौपदरी मोकळ्या रोडला भरलेली गाडी २० वर कोण आणेल, मागचा येऊन धडकेल. काही पाट्या झाडात गेल्यात, काहींच्या पुढं कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. अपघातप्रवण क्षेत्र तर दर दहा किलोमीटरला, मग खरं प्रवण कुठलं आणि नावाचं कुठलं ते कळायचं कसं. असे पन्नास बोर्ड बघितले की एक्कावन्नावा खरा असला तरी डोळ्यातून जातो, डोक्यात जात नाही. ही आमची सवय वाईट आहे पण ती अशी लागलीय.

दुसरं म्हणजे न्यूट्रल. तुमच्या उताराला निम्म्या गाड्या न्यूट्रलवर उतरतात, काही तर इंजिन बंद करून. मालक डिझेल मोजून देतो, एका ट्रिपला इतके लिटर, वाचलं ते ड्रायव्हरचं आणि जास्त लागलं तर पगारातून. बोगदा संपला की उतार आला म्हणजे त्याला वाटतं इथं फुकट पाच सहा किलोमीटर मिळतायत. मी पण केलंय हे, जुन्या काळात, लपवत नाही. मला गाडी शिकवणाऱ्या उस्तादने एकदा कानाखाली लावली होती घाटात. तो म्हणायचा ज्या गेअरमध्ये चढलास त्याच गेअरमध्ये उतर, ब्रेक हा थांबायला असतो, हळू चालायला नसतो.

इंजिन बंद केलं की काय होतं ते सांगतो, बाहेरच्याला माहीत नसतं. आमचे ब्रेक हवेच्या दाबावर लागतात आणि ती हवा भरणारा एअर कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे नवीन हवा बनत नाही, टाकीत आहे तेवढीच. दर वेळी ब्रेकवर पाय दाबला की हवेचा काटा खाली येतो, आठ वरनं सहा, सहावरनं पाच, मग बझर वाजायला लागतो. पॉवर स्टिअरिंग पण गेलं, ते दगडासारखं जड होतं. आणि तोवर लायनर तापून पकड सोडतात. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. ब्रेक आपोआप फेल होत नाही दादा, दोन तीन किलोमीटर मागं तो ड्रायव्हरने स्वतः जाळलेला असतो. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, ड्रमला तडा जातो, त्या पोराला कुणी शिकवलं नसणार.

आता एक गोष्ट मात्र मी ट्रकवाल्यांच्या बाजूने बोलणार. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेच्या बोरघाटात खंडाळ्यावरनं खोपोलीकडं उतरताना जड गाडीला ४० ची पाटी होती, २०२४ ला कॅमेरे लागले आणि धडाधड चलन यायला लागली. माझी गाडी भरलेली असताना चौथ्या गेअरमध्ये एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोराने गाडी रोखणारा) लावून ४५-४८ ला शांत बसते, ब्रेकला पाय लावायची गरज नाही. तिसऱ्यात टाकली तर ३० च्या आत येते. ४० धरायचे तर चौथ्यात टाकून सारखा ब्रेक चोळत बसायचं. म्हणजे पाटी पाळायची तर ब्रेक तापवायचा आणि ब्रेक वाचवायचा तर चार हजारापर्यंत चलन. पाटी लावणाऱ्याने भरलेली गाडी कधी उतरवली असेल का असा प्रश्न पडतो.

दोन_गाड्यांचा_मालक

वरच्या काकांनी मालकांवर टाकलंय, मी मालकच आहे, दोन गाड्या, दोन्ही हप्त्यावर. डिझेल मोजून देतो हे खरं आहे, न देऊन चालत नाही, खर्चात डिझेलच सगळ्यात मोठं. पण मागच्या वर्षी मी एक केलं ते सांगतो. वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं ही पद्धत बंद केली, त्याऐवजी महिन्याला एक ठराविक रक्कम, अट एकच, लायनर वेळेआधी बदलायला लागू नयेत. मला वाटलं होतं डिझेल वाढेल. जवळजवळ काहीच फरक नाही. गॅरेजवाल्याने कारण सांगितलं, इंजिन गेअरमध्ये असून एक्सलरेटरवरनं पाय काढला की इंजिनाचा पंप डिझेल बंद करतो, गाडी उताराच्या जोरावर इंजिन फिरवते. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे इतकी वर्षं पोरं जीव धोक्यात घालून जे वाचवत होती ते उतारावर वाचतच नव्हतं. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना न्यूट्रलवर घालणारा मीच होतो.

चलनाबद्दल, मेसेज मालकाच्या मोबाईलला येतो, ड्रायव्हरला पंधरा दिवसांनी कळतं. कुठं चुकलं हे त्याला तेव्हा आठवतही नाही. आणि बहुतेक मालक पगारातून कापून मोकळे होतात. पण ज्या मालकाने रात्री फोन करून कुठंवर आलास, चारच्या आत वाशीला पोचला पाहिजेस, माल लेट झाला तर भाव पडेल असं चारदा सांगितलंय, त्याने त्या चलनातले निम्मे पैसे तरी द्यायला पाहिजेत असं माझं मत झालंय. पटो न पटो.

साईटवरचा

मी रस्त्याच्या कामात आहे, पाट्या बसवणं हा पण त्यातला भाग. काकांच्या ४० च्या मुद्द्यावर बोलायचंय कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा धोक्याचा आहे.

बरोबर असं की पाटीवर नुसता आकडा असतो. तोच आकडा रिकाम्या गाडीला, तोच ३५ टनांच्या गाडीला, तोच ५५ टनांच्या ट्रेलरला. (२०१८ ला केंद्राने एक्सलवरचं वजन वाढवलं, तेव्हा ४९ टनांची मर्यादा ५५ झाली. घाट तेच राहिले.) रिकामा ट्रक ४० ला चालवणाऱ्याला पाटी मूर्खपणाची वाटते आणि तोच माणूस परतीला भरलेला असतो तेव्हा ती सवय घेऊन येतो.

धोक्याचं असं की ४५-४८ ला शांत बसते हे तोपर्यंतच खरं आहे जोपर्यंत पुढं कुणी थांबत नाही. वेग ४० चा ६० झाला म्हणजे दीडपट, पण गाडी थांबवायला ब्रेकला जी ताकद खावी लागते ती सव्वादोन पट होते आणि ती सगळी उष्णता होऊन ड्रममध्ये जाते. नवले पुलाला हेच होतं. वर मोकळा उतार आणि खाली शहराचं ट्रॅफिक, रांग पुलाच्या अलीकडेच लागलेली. ड्रायव्हरला वरून वाटतं हायवे आहे, खाली पोचतो तेव्हा तो चौक असतो. त्यामुळे काका, चौथ्यात ४८ आणि तिसऱ्यात ३० यातलं निवडायचंच असेल तर तिसरा. वेळ लागेल, पण ब्रेक थंड राहील.

आणि स्पीड गव्हर्नर म्हणजे गाडीचा वेग अडवणारं यंत्र, त्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. २०१५ पासून नव्या मालवाहू गाड्यांना ८० चा गव्हर्नर आहे, टँकर आणि डंपरना ६० चा. पण तो डिझेल अडवतो, उतार नाही अडवत. न्यूट्रलवर सोडलेली गाडी ९० ला गेली तरी गव्हर्नरला काही करता येत नाही.

माझं स्वतःचं म्हणणं, लोअर गेअरची पाटी उतारावर लावून उपयोग नाही. तोवर गाडीने वेग घेतलेला असतो आणि ३५ टन घेऊन धावणाऱ्या गाडीला मध्येच खालचा गेअर पडत नाही, काढायला गेला तर काढलेला पण परत बसत नाही आणि ड्रायव्हर आपोआप न्यूट्रलला अडकतो. पाटी बोगद्याच्या आधी पाहिजे, खेड शिवापूरचा टोल सुटला की तिथूनच, गाडी अजून हळू आहे तेव्हा. हिंदीत पण मोठ्या अक्षरात, कारण या रोडला यूपी राजस्थान हरियाणाच्या गाड्या ढिगाने असतात. तीव्र उताराच्या पाटीवरचा तो चित्राचा त्रिकोण सगळ्यांना कळतो हे खरं, पण त्रिकोण तुम्हाला फक्त उतार आहे एवढं सांगतो, किती लांब आहे आणि खाली काय वाढून ठेवलंय ते सांगत नाही.

पोरगी_ड्रायव्हरची

माझे पप्पा ट्रक चालवतात, आत्ता ते समृद्धी महामार्गावर आहेत म्हणून मी लिहिते. ७०१ किलोमीटर, ट्रकला ८० ची मर्यादा, आणि ते म्हणतात तिथं मर्यादा पाळायला अवघड नाही, झोप न लागू देणं अवघड आहे कारण सरळ रस्ता आणि दोन्हीकडं काही नाही. रात्री ते मला फोन लावून ठेवतात, मी अभ्यास करते आणि मधेमधे पप्पा अशी हाक मारते. कायद्यात १९६१ पासून लिहिलंय की मोटार वाहतुकीतल्या कामगाराला दिवसाला आठ तास. पप्पांचे चौदा होतात. सगळे जण पाट्यांवर बोलताय ते बरोबर आहे पण चौदाव्या तासाला पाटी वाचणारा माणूस पहिल्या तासाचा राहत नाही एवढंच म्हणायचं होतं.

नऱ्हेवाला

सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. ताई तुझ्या पप्पांना सांग पुण्यात आले की आमच्याकडे जेवायला यायचं, खरंच सांगतोय.

न्यूट्रलने डिझेल वाचत नाही हे मला माहीत नव्हतं आणि मला वाटतं ही एक गोष्ट जरी बोगद्याच्या आधीच्या ढाब्यांवर, पंपांवर मोठ्या अक्षरात लावली तरी फरक पडेल, कारण तिथं भीती दाखवणारं काही नाही, सरळ खिशाचं आहे. आमच्या सोसायटीतल्या चार पाच जणांना विचारलं, आम्ही खर्च करायला तयार आहोत. काका एक विचारू का, असा बोर्ड तुम्ही चहा पिताना वाचाल का? आणि कुठल्या शब्दात लिहिला तर पटेल?

बाराचाकी_फलटण

वाचणार. चहाच्या वेळीच माणूस वाचतो, चालत्या गाडीत नाही. हळू चला, घरी कुणीतरी वाट पाहत आहे असलं लिहू नका, ते वाचून वाचून गुळगुळीत झालंय. असं लिहा, बोगद्यानंतर उतार, न्यूट्रलला डिझेल वाचत नाही, गेअरमध्ये वाचतं, तिसरा टाकूनच बोगद्यात शिरा. खाली हिंदीत हेच. आणि हवेचा काटा बघा एवढं एक वाक्य.

साईटवाल्या साहेबांचं तिसऱ्याचं पटलं. मंगळवारी सिमेंट भरून आलो, टोल सुटल्यावरच तिसरा टाकला. मागचे लय हॉर्न मारत होते, एकाने तर बाजूला घेऊन शिव्या पण दिल्या. पुलाखाली पोचल्यावर कडेला घेतली, उतरून मागच्या ड्रमजवळ हात नेला. कोमट होता.