जीपच्या फायबर टपाला गळती: मृगाआधी काय करावं?

दापोलीकर_जीपवाला
नमस्कार मंडळी. काकांची १९९० ची महिंद्रा एमएम ५४० माझ्याकडे आली आहे. प्यूजो डिझेल इंजिन ठणठणीत, चॅसी सरळ. दुखणं आहे ते वरच्या फायबर टपाचं. हा टप काकांनी नंतर बाहेरून करून घेतलेला. बोल्ट सोडले की चौघांनी उचलून बाजूला ठेवायचा. उन्हाळ्यात उघडी जीप, पावसाळ्यात टप, असा त्यांचा शिरस्ता होता.

आता टपावरून हात फिरवला की पांढरी पूड लागते. बोल्टांच्या भोकांभोवती बारीक चिरांचं जाळं झालंय. गेल्या पावसात ड्रायव्हरच्या गुडघ्यावर आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी येत होतं. गॅरेजवाला म्हणतो, सगळ्या जोडाला सिलिकॉन मारून टाकू. मग टप काढायचा कसा, हे मात्र तो सांगत नाही. हाच टप दुरुस्त करावा की नवा करावा? आणि रबर कुठलं घ्यावं?

घाटावरचा
ताडपत्री. विषय संपला.

जुना_फोरमन
सिलिकॉनला आधी स्पष्ट नाही म्हणा. आंबूस वास येणारं साधं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं. शिवाय ते एकदा फायबरला लागलं की त्यावर रंग धरत नाही, खड्डे खड्डे पडतात. आधीच कुठे मारलेलं असेल तर पॉलिश पेपर लावण्यापूर्वी पात्याने खरवडून, सिलिकॉन काढायच्या द्रावणाने पुसून घ्या. तसंच घासलंत तर ते सगळ्या टपभर पसरेल.

माझा नियम सोपा आहे. जो जोड पुन्हा उघडायचा, तिथे रबर दाबून बसवायचं. जो कायमचा (काचेची चौकट, पन्हळीचा सांधा), तिथे पॉलियुरेथेन सीलंट. जीपची बॉडी खड्ड्यात पिळते, त्यामुळे कडक होणारी कुठलीही वस्तू त्या जोडात तडकणारच. एम-सीलही त्यातच आलं.

आणि खर्चाला हात घालण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. एकजण आत बॅटरी घेऊन बसू दे, दुसऱ्याने साध्या पाइपने, जोर न लावता, खालून वर पाणी सोडायचं. आधी काचेच्या फ्रेमखालचा भाग, मग काचेचं रबर, मग फ्रेम आणि टप यांचा जोड, मग बाजूच्या काचा, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडूनच ओघळेल आणि काहीच कळणार नाही. आतून खडूची पूड भुरभुरली तर ओघळाची वाट दिसते.

दापोलीकर_जीपवाला
फोरमनकाका, सांगितलंत तसं आज केलं. गुडघ्यावरचं पाणी टपाचं नाहीच! काचेची फ्रेम बॉनेटवर आडवी पडते ना, तिच्या खालच्या रबराचे तुकडे पडलेत, तिथून येतंय. मागचे कोपरे मात्र टपाचेच. डावीकडे तर बोट जाईल एवढी फट आहे.

जुना_फोरमन
बघा, नवा टप केला असता तरी गुडघा भिजलाच असता. फ्रेमखालचं रबर आधी बदला. जुन्या जीपच्या गळतीत निम्म्या वेळा तेच निघतं आणि बिचाऱ्या टपाचं नाव बदनाम होतं.

कोपऱ्याच्या फटीसाठी अंदाजाने जाड रबर आणू नका. घट्ट कणीक मळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या लांब वळ्या करा आणि बॉडीच्या कडेवर सगळीकडे ठेवा. वर टप ठेवून बोल्ट हलके आवळा. पुन्हा उचला आणि दर वीतभर अंतरावर कणकेची जाडी मोजा. बंद पेशींचं (पाणी न शोषणारं) स्पंज रबर साधारण ३० ते ४० टक्के दाबलं गेलं पाहिजे, म्हणजे ६ मिमी फटीला १० मिमी रबर. एका जागी ४ आणि दुसऱ्या जागी १२ मिमी निघालं तर रबरावर रबर चढवू नका. टपाची कड फायबरनेच भरून सपाट करा.

बंदरावरची_शुभा
फायबरचं मी सांगते. आमच्याकडे होड्यांचं काम चालतं. दादा, टप टाकू नका. पूड सुटते ती वरच्या जेलकोटची (फायबरवरचा रंगीत रेझिनचा थर), उन्हाने झालेली. आतली मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) शाबूत आहे का ते बघा. नाण्याने ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर थर सुटलाय.

भोकांभोवतीच्या चिरा नुसत्या पुट्टीने भरू नका, पहिल्या खड्ड्यात परत उघडतील. चिरा का पडल्या? छोटा वॉशर, आणि बोल्ट जीव खाऊन आवळलेला. आतल्या बाजूने भोकाभोवती तळहाताएवढी जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कडेकडे निमुळती करत न्या. अॅसिटोनने पुसा. मग चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन-तीन थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा मोठा. ब्रशने टोचून टोचून हवा काढा. भोक नंतर नव्याने पाडा आणि आतून रुंद स्टेनलेस वॉशर किंवा पट्टी द्या. बाहेरच्या चिरा व्ही आकारात कोरून जेलकोटने भरा.

हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एप्रिलच्या उकाड्यात १ टक्का पुरे. जास्त घातलात तर हातातल्या डब्यातच गोठेल. शेवटच्या थरात मेण मिसळलेलं रेझिन घ्या, नाहीतर वरचा पापुद्रा चिकट राहतो. आणि हे नीट वाचा: काही दुकानांत कोबाल्टची (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनरची बाटली वेगवेगळी देतात. ती दोन्ही थेट एकत्र कधीही करायची नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. घासताना मास्क, पूर्ण बाह्या. काम उघड्यावर करा, पण पावसाळी दमट हवेत नको. एवढं सगळं जमणार नसेल तर हर्णैला फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा गाठा. त्याचा हात शहरातल्या डेंटरपेक्षा बरा.

रंग: इपॉक्सी प्रायमर, वर टू-के पीयू (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग). फिका रंग घ्या, काळा टप उन्हात भट्टी होतो.

कोल्हापुरी_फोरबायफोर
शुभाताईंना +१. भावा, रबर ईपीडीएमच (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) घे. साधं काळं स्पंज एका उन्हाळ्यात भुगा होतंय. रबराचा जोड कोपऱ्यात आणू नको, सरळ भागात, मागच्या बाजूला आण आणि तिरका कापून चिकटव. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत ये. एका बाजूनं आवळत गेलास तर दुसरी बाजू उचलतीया.

पुणे_३०
सामान मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत मिळेल. जुन्या रबराचा चार इंची तुकडा कापून खिशात न्या, नावं सांगून काही उपयोग होत नाही. काच बसवताना रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकाने दाबायचं आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढत जायची.

एक वेगळाच मुद्दा: आरसीवर बॉडी काय लिहिली आहे? कापडी हूडची गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) बघा. नोंदणीच्या पुढच्या नूतनीकरणाला टपासकट जाण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

ओहायोचा_विन्या
माझ्याकडे सीजे-७ (जुनी अमेरिकन जीप) आहे. तिला कंपनीचाच हार्डटॉप (कडक टप) आहे, तरी प्रश्न अगदी हेच! चौघं गोळा करायचा कंटाळा येत असेल तर पडवीच्या वाशाला दोन कप्प्या लावा आणि रुंद पट्ट्यांनी टप उचला. वासा मजबूत आहे का ते आधी बघा. आणि उतरवलेला टप जमिनीवर टेकवून ठेवू नका. पिळतो, मग कणकेचं मापही कामाचं राहत नाही. लाकडी घोडीवर चारही कडांना आधार द्या.

दापोलीकर_जीपवाला
सगळ्यांचे आभार. फ्रेमचं रबर मागवलं. कणीकही मळली, आई विचारतेय जीपला पोळ्या का. डाव्या मागच्या कोपऱ्यात ११ मिमी, बाकी सगळीकडे ५ ते ६. म्हणजे तो कोपरा फायबरने भरायचा ना, शुभाताई? टपाची कड की बॉडीची?

बंदरावरची_शुभा
टपाचीच. बॉडीच्या पत्र्याला फायबर चिकटवलंत तर मागे पाणी साठून गंजेल. बॉडीच्या कडेवर मेण लावलेलं प्लास्टिक अंथरा, टप जागेवर ठेवून भरा, म्हणजे आकार आपोआप बॉडीचा येईल. रबरासाठी ६ मिमी जागा सोडायला विसरू नका.