परत न येणारी व्हॉयेजर याने मुळात पाठवलीच का?

ऐरोलीचा_बाबा
रविवारी नऊ वर्षांच्या मुलीला वरळीच्या नेहरू तारांगणात नेले होते. परतताना, ठाण्याला गाडी बदलेपर्यंत, तिचा एकच प्रश्न चालू होता: बाहेरच्या ग्रहांकडे १९७७ साली सुटलेली नासाची दोन्ही व्हॉयेजर याने कधीच परत येणार नसतील, तर ती पाठवली कशाला? ‘माहितीसाठी’ हे माझे उत्तर तिला पुरले नाही. माहिती मिळाल्यावर परत का बोलावले नाही, असे तिने विचारले आणि तिथे मी अडलो. तिला समजेल आणि खोटेही ठरणार नाही, असे काही कोणी सुचवू शकेल का?

पाचपाखाडीकर
अडचण इंधनाची आहे. व्हॉयेजर १ आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीने कापलेले ३४ किलोमीटर ते दोन सेकंदांत संपवते. सूर्याच्या ओढीतून कायमचे सुटण्याइतका वेग त्याला गुरूजवळून जाताना मिळाला. मागे फिरायचे तर आधी हा सगळा वेग मारावा लागेल, आणि यानावरचे इंधन अँटेना पृथ्वीकडे रोखून धरण्यासारख्या किरकोळ कामांपुरतेच आहे. बाहेरचे चार मोठे ग्रह अशा सोयीच्या जागी सुमारे १७५ वर्षांतून एकदाच येतात. मुलीला सांगा, ती शेवटची लोकल होती आणि परतीचे तिकीट मिळत नव्हते.

नेरूळची_निरीक्षक
उपमा छान आहे, पण सगळा दोष इंधनावर टाकणे मला पटत नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये शनीचा उपग्रह टायटन जवळून पाहता यावा, म्हणून व्हॉयेजर १ची वाट अशी आखली होती की त्यानंतर ते ग्रह ज्या सपाटीत सूर्याभोवती फिरतात तिच्याबाहेर फेकले गेले आणि प्लूटोकडे जाण्याची शक्यता संपली. ही माणसांनी जाणूनबुजून केलेली निवड होती.

शिवाय ‘माहिती मिळाल्यावर’ या शब्दांतच खरी गोम आहे. मार्च १९७९ मध्ये मोहिमेतल्या अभियंता लिंडा मोराबिटो यानाची दिशा ठरवण्यासाठी काढलेले एक छायाचित्र तपासत असताना त्यांना गुरूच्या आयो या उपग्रहाच्या कडेवर ज्वालामुखीचा फवारा दिसला. पृथ्वीबाहेरचा जागृत ज्वालामुखी त्याआधी कोणी पाहिलेला नव्हता. काम झाले, आता परत या, असे कोणत्या दिवशी म्हणायचे होते? २०१२ साली व्हॉयेजर १ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या कणांचा वारा पोहोचतो त्या भागाबाहेर, पडले. २०२३च्या अखेरीस स्मृतीतली एक चिप बिघडल्यामुळे ते निरर्थक आकडे पाठवू लागले, तेव्हा एका दिशेने संदेश पोहोचायलाच साडेबावीस तास लागत असूनही अभियंत्यांनी तिथला प्रोग्रॅम स्मृतीच्या दुसऱ्या भागांत हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये वाचता येईल अशी माहिती पुन्हा येऊ लागली.

कळव्याचा_श्रोता
थोडे अवांतर होईल. दोन्ही यानांवर, कधी परग्रहावरच्या कोणाला सापडलीच तर म्हणून, पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत असलेली सोनेरी तबकडी आहे; तिच्यात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ सुटले ५ सप्टेंबर १९७७ला आणि बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. परतीचा विचार असता, तर अशी तबकडी कोणी सोबत दिली असती, असे वाटत नाही.

ऐरोलीचा_बाबा
सर्वांचे आभार. शेवटची लोकल तिला लगेच पटली. टायटनसाठी प्लूटो सोडला, हे मात्र तिला अजिबात आवडलेले नाही; २०१५ साली न्यू होरायझन्स हे यान प्लूटोपाशी जाऊन आले, असे सांगितल्यावर तिने विचारले, ‘जाऊन आले, की नुसते गेले?’