मदत हवी आहे: १.६ सीसीच्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या इंजिनात) मधल्या बुशातून गळती

मंडळी, दोन कॉक्स .०४९ (मॉडेल विमानांच्या, प्रत्येकी ०.८ सीसीच्या) टू-स्ट्रोक इंजिनांचे सिलिंडर, पिस्टन आणि ग्लो हेड (इंधन पेटवणारी तापती तार असलेलं डोकं) वापरून एका ओळीतलं ट्विन करतोय. क्रँककेस ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढली, रीड व्हॉल्व्ह (इंधन आत घेणाऱ्या पातळ पट्टीच्या झडपा) बाजूला घेतले. क्रँक १८० अंशांचा, तुकडे दाबून जोडलेला. एक पिस्टन खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो, त्यामुळे क्रँकला आधार देणाऱ्या मधल्या ब्राँझ बुशातून दाब थेट क्रँककेसच्या शेजारच्या खोलीत पळतो. बुश लांब केला. गळती घटली, पण मागचा सिलिंडर इंधन धड ओढत नाही. रीड, गॅस्केट तपासले, ठीक आहेत. ३६० अंशांचा क्रँक (दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली) सुचवू नका, आधीच इवलंसं इंजिन, त्यात थरथर नको. लेथ छोटा, ग्राइंडर नाही. इंधनात मिथेनॉल, नायट्रो, एरंडेल. ५ मिमी शाफ्टला बुशात किती क्लिअरन्स (फट) ठेवू? की मिथेनॉल सोसणारं, घर्षणाने इंजिन न अडवणारं एवढं बारीक ऑइल सील मिळतं?