बाप्तिस्म्याचं रजिस्टर फील्ड प्रोजेक्टला घ्यावं का? इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र शिकवणाऱ्यांनी सांगावं

चौथा_तास

नमस्कार मंडळी. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं ख्रिस्ती संस्थेचं छोटं अनुदानित कॉलेज. इतिहासाला शिक्षक एकच, राज्यशास्त्राला एक मॅडम आणि समाजशास्त्र तासिका तत्त्वावर. दुसऱ्या वर्षाला 14 मुलं: निम्मी ख्रिस्ती, बाकी मराठा आणि बौद्ध, दोन मुस्लिम. फील्ड प्रोजेक्टसाठी अमेरिकन मराठी मिशन (अमेरिकन मिशनऱ्यांची इथली संस्था) हा विषय ठरतोय. जवळच्या चर्चमध्ये जुनी रजिस्टरं आहेत, पाळकसाहेब दाखवायला तयार आहेत.

तीन अडचणी:
1. मुलांना मराठीतून काय वाचायला द्यायचं? इंग्रजी अहवाल त्यांना झेपत नाहीत.
2. धर्मांतराचा विषय निघाला की वर्ग दोन बाजूंनी बसतो. सुरुवात कुठून करावी?
3. उद्या एखाद्या पालकाने ‘हे धर्मशिक्षण झालं’ म्हटलं तर?

मोडीवाला

साधनांचं सांगतो. नगरला मिशनचं ठाणं पडलं 1831 मध्ये. मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार 1827 ला मुंबईत उतरल्या, 1839 पासून नगरला होत्या, 1862 मध्ये तिथंच वारल्या. मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ 1842 ला नगरहूनच सुरू झालं, आणि ते मराठीत आहे. सुरुवात त्याच्यापासून करा. मुलांना अख्खा अंक देऊ नका. एक पान, फार तर दीड. जुनी विरामचिन्हं आणि लांबलचक वाक्यं यांची सवय होण्यातच पहिला तास जातो. त्या पानाशेजारी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ वृत्तपत्रातलं (1841 पासून) त्याच सुमाराचं एक पान ठेवलं की मुलांना आपोआप कळतं, कोण कुणाला उद्देशून लिहितोय.

इंग्रजी अहवाल पूर्ण टाळू नका, पण कापून द्या. ‘मिशनरी हेरल्ड’ हे मिशनचे अहवाल छापणारं बोस्टनचं मासिक नेटवर फुकट मिळतं. त्यात शोधताना हमखास फसायला होतं, कारण आजच्या स्पेलिंगने काहीच सापडत नाही. त्या काळी ‘नगर’ हे एन, यू, दोन जी, यू, आर असं लिहीत. शिरूर सापडतं ‘सेरूर’ म्हणून, वडाळा ‘वुडाले’ म्हणून. आधी गावांच्या जुन्या स्पेलिंगचा एक तक्ता करा, मगच मुलांना शोधायला बसवा. नाहीतर ‘सर, काहीच नाही’ म्हणून पंधरा मिनिटांत सगळे मोबाइलवर दुसरीकडे.

आणि एक गोष्ट फळ्यावरच लिहून ठेवा: हे मासिक देणगीदारांसाठी छापलेलं आहे. निधी हवा असतो तेव्हा उपासमार ठळक होते, काम दाखवायचं असतं तेव्हा शाळेची पटसंख्या. खोटं असतं असं नाही, पण निवड असते. तोलायला 1884 चं अहमदनगर गॅझेटिअर घ्या. सरकारी असल्याने त्याचा कल वेगळा आहे, तोही मुलांनाच शोधू द्या.

मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या) सभांची इतिवृत्तं मराठीत, बाळबोधीत (देवनागरीत) मिळू शकतात. जमिनीचे फार जुने कागद निघाले तर मोडी असणार. एका सत्रात मोडी शिकवण्याच्या भानगडीत पडू नका, ते कागद बाजूला ठेवा.

घटनेचा_तास

तिसऱ्या शंकेपुरतं. राज्यघटनेचं कलम 28(3) नीट वाचा. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान (18 वर्षांखालचा) असेल तर संमती पालकाची लागते. दुसऱ्या वर्षाची मुलं बहुतेक 18 च्या पुढची असतात, पहिल्या वर्षाला मात्र 17 ची निघतात. अकरावी-बारावी तुमच्याच आवारात असेल आणि ती मुलं प्रकल्पात आली तर जास्तच सांभाळा. संस्था कलम 30 खाली अल्पसंख्याक असली तरी 28(3) सुटत नाही. हा गैरसमज स्टाफरूममध्ये फार आहे.

धर्माचा अभ्यास आणि धर्माची शिकवण यातला फरक सर्वोच्च न्यायालयाने मानलेला आहे. 1971 चा डी.ए.व्ही. कॉलेजचा निकाल गुरू नानकांच्या शिकवणुकीच्या शैक्षणिक अभ्यासाबद्दल होता, 2002 चा अरुणा रॉय खटला अभ्यासक्रमाबद्दल. राज्यशास्त्राच्या मॅडमना हे दोन्ही शिकवायला द्या, प्रकल्पाला जोड मिळेल.

पण कोर्टापर्यंत जायची वेळच येऊ नये, तर: प्रकल्पाचं पत्रक इतिहास विभागाच्या नावाने काढा, मूल्यशिक्षणाच्या नव्हे. भेटीची वेळ उपासनेला किंवा सकाळच्या प्रार्थनेला चिकटवू नका. तेवढ्याच क्रेडिटचा दुसरा विषय (बाजारपेठ, साखर कारखाना, काहीही) पत्रकातच छापा. चर्चला पत्र प्राचार्यांच्या सहीने, पाळकांसोबत पंचकमिटीलाही (चर्चचा कारभार बघणारी समिती). पाळकांची बदली झाली की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर जाते.

गावकुसाबाहेर

रजिस्टर घ्याच, पण ते जसंच्या तसं मुलांच्या हातात देऊ नका. कारण नगरकडच्या ख्रिस्ती घरांची आडनावं साधीच: साळवे, गायकवाड, पवार. मिशनने इथे माणसं मिळवली ती मुख्यतः महार-मांग वस्त्यांतून. काही रजिस्टरांत जात किंवा पूर्वीचा समाज असा रकाना असतो. वर्गातल्याच एखाद्या मुलीचे पणजोबा पान उलटताच समोर येतात आणि शेजारचा मुलगा मोठ्याने वाचतो. ही अपघाताने होणारी गोष्ट नाही, ती होणारच. म्हणून 100 वर्षांच्या आतलं रजिस्टर उघडूच नका, आणि जुन्यातूनही शिक्षकाने आधी नावाशिवाय उतारा काढावा. नावाऐवजी क्रमांक.

रकाने सात पुरतात: क्रमांक, वर्ष-महिना, वय, स्त्री की पुरुष, राहण्याचं गाव, आई-वडील आधीपासून ख्रिस्ती होते का, शेरा. जोडीने काम: एक वाचणार, एक लिहिणार, दर वीस नोंदींनी अदलाबदल. 14 मुलांच्या सात जोड्या, जोडीला 60 नोंदी, म्हणजे 420 झाल्या. एवढ्यात दोन-तीन दशकांचा कल दिसायला लागतो.

आता आलेख कुठे खोटा पडतो ते पाहा. सहावा रकाना गाळला की तान्ह्या मुलांचे बाप्तिस्मे प्रौढांत मिसळतात. मग 1890 नंतर धर्मांतर वाढलं असं वाटतं, आणि प्रत्यक्षात जुन्या ख्रिस्ती घरांत पोरं झालेली असतात. दुसरं, वसतिगृहातल्या मुलांचं राहण्याचं गाव ‘नगर’च लागतं, मूळ खेडं कळत नाही. तिसरं, दुसऱ्या मंडळीतून पत्र घेऊन आलेले सभासद वेगळ्या यादीत असतात. ती यादी बाप्तिस्म्यात मिळवली की माणूस दोनदा मोजला जातो. मंडळीचं नावही बदलत जातं: मिशन, मग 1924 पासून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. मुलं त्याला तीन वेगवेगळी चर्चं समजतात.

दुष्काळ येणारच: 1876–78, 1896–97, 1899–1900. फक्त त्या वर्षांचे आकडे काढले तर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, ‘भाकरीसाठी धर्म बदलला’. आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षं घ्या. इतिवृत्तांतून सभासदत्व रद्द झालेलेही मोजा, कारण पाऊस पडल्यावर किती परत गेले आणि किती टिकले हाच खरा प्रश्न. टिकले त्यांचं गाव बघा, तिथे आधीपासून शाळा होती का? भाकरी आणि प्रतिष्ठा हे दोन वेगळे रकाने नाहीत, हे मुलांना आकड्यांवरूनच दिसू द्या. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं मत होतं.

चौथा_तास

नावाऐवजी क्रमांक, हे डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या अडचणीवर कुणी सांगेल का? आणि जाता जाता, चर्चमागे दफनभूमी आहे, तिथल्या शिळा घ्याव्यात का?

मोडीवाला

सुरुवात दुष्काळापासून नको, नगरपासूनही नको. 1843 च्या मुंबईतलं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण घ्या. ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला, कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिला, आणि मग खरी जुंपली ती त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर. बाळशास्त्री जांभेकर घेण्याच्या बाजूने, सनातनी विरोधात. इथे भांडण हिंदू-ख्रिस्ती राहत नाही, त्यामुळे वर्गातल्या कुणालाच आपल्या घराची बाजू घ्यावी लागत नाही. त्यानंतर कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा, एवढंच फळ्यावर मांडा. एका घरातली ही पाच वर्षं कशी गेली असतील यावर मुलंच बोलतात. समाजशास्त्राच्या तासाला पुढे आंबेडकरांची येवल्याची घोषणा 1935, नागपूरचं धर्मांतर 1956 आणि 1950 चा अनुसूचित जातींचा आदेश घेता येतो. त्या यादीत 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध, ख्रिस्ती नाहीत. बौद्ध आणि ख्रिस्ती मुलं एकाच बाकावर असताना ‘कुणाला सवलत मिळते, हात वर करा’ हा प्रयोग मात्र करू नका. आदेशाचा मजकूर वाटा आणि तोच वाचून घ्या.

शिळा जरूर घ्या, पण दगडी शिळा परवडणाऱ्यांचीच असते. गोऱ्यांच्या आणि पगारदार देशी ख्रिस्त्यांच्या कबरी टिकल्या, लाकडी क्रूस केव्हाच कुजले. मोजणीवरून ‘एवढीच माणसं होती’ असं लिहू देऊ नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तारेचा ब्रश असलं काही नको. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो आणि निघत नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि फूटभर लांबीचा आरसा. सकाळी नऊच्या आत शिळेच्या बाजूला आरसा धरून ऊन तिरकं पाडायचं, झिजलेली अक्षरं सावलीने उमटतात. मग फोटो. मजकूर ओळीला ओळ उतरवायचा, चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट.

गावकुसाबाहेर

आरसा धरायला वेगळा मुलगा लागतो, म्हणून दफनभूमीत जोड्या नाहीत, तिघांचे गट करा.