मदत हवी आहे : वीजदराच्या वादात 'कर्नाटकात जातो' असं जाहीर म्हणावं का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी हिशेब आणि सरकारी पत्रव्यवहार पाहतो. वीजदरावरून उद्योजकांच्या मोर्चात कंपनीने नावानिशी उतरायचं का, आणि 'दर कमी करा, नाहीतर सीमेपलीकडे जातो' असं जाहीर सांगायचं का, यावर मालकांनी टिपण मागितलंय. इंडक्शन फर्नेसचा, म्हणजे विजेवर धातू वितळवायच्या भट्टीचा धंदा, त्यामुळे विजेचं बिल छातीवर बसतं. राग खराच आहे.

तरी माझ्या मते आहे तो कारखाना हलवायची धमकी देऊ नये. कर्नाटकातली निपाणी जवळ असली तरी पॅटर्नवाले (साच्याचे नमुने करणारे), मशीन शॉप, जुने मोल्डर (साचे भरणारे) सगळे इथले. हे मंत्रालयातही कळतं. टाटांनी नॅनो गाडीच्या कारखान्यासाठी घेतलेलं पश्चिम बंगालमधलं सिंगूर ३ ऑक्टोबर २००८ ला सोडलं आणि चार दिवसांत गुजरातमधलं साणंद जाहीर झालं. त्यांना खरंच जाता येत होतं. तरीही नुकसानीपोटी ७६५.७८ कोटींचा लवादाचा निवाडा यायला २०२३ उजाडलं. एवढा काळ आमच्यासारख्याने कसा काढायचा?

डिस्नीचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या एका कायद्याला कंपनीने विरोध केला, तर गव्हर्नर डिसँटिस यांच्या सरकारने १९६७ पासून डिस्नीच्या तिथल्या करमणूक पार्कच्या परिसराचा कारभार पाहणाऱ्या 'विशेष जिल्हा' नावाच्या स्थानिक संस्थेचं मंडळच ताब्यात घेतलं. पार्क काही उचलून नेता येत नव्हतं. पण मे २०२३ मध्ये डिस्नीने तिथला जवळपास एक अब्ज डॉलरचा नवा कार्यालयीन प्रकल्प रद्द केला, कोर्टकज्जेही चालू ठेवले, आणि मार्च २०२४ मध्ये तडजोड झाली. आमच्याकडे तसं पणाला लावण्याजोगं एकच आहे : कागल पंचतारांकित एमआयडीसीत टाकायची नवी उत्पादन लाईन.

दुसरं म्हणजे, दर मंत्री नाही, वीज नियामक आयोग ठरवतो. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार दरप्रस्तावावर आपल्याला हरकत घेता येते. सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर कलम ६५ नुसार अनुदानाची रक्कम आगाऊ भरावी लागते. म्हणून आयोगापुढे कंपनीच्या नावाने आकडेवारीसह हरकत, आणि सरकारकडे अनुदानाची मागणी संघटनेच्या लेटरहेडवर, असं मी सुचवणार आहे.

आयोगाच्या सुनावणीत स्वतः बोललेलं कुणी आहे का? लहान कारखान्याच्या आकड्यांना तिथे किती वजन मिळतं? मोर्चात नाव पुढे आल्यावर परवान्यांच्या, तपासण्यांच्या कामात फरक पडल्याचा अनुभव असेल तर तोही मोकळेपणाने सांगा, हवं तर व्यक्तिगत निरोपात. आणि कर्नाटकात खरोखर युनिट काढलेलं कुणी असेल, तर वीज, वाहतूक आणि कामगार धरून हिशेब कसा बसला, ते आधी कळवा.