कुंभारमाशीचं घर: जपावं की पाडावं?

धागाकर्ता: कुंभारमाशीने घरात मातीचं घर केलं की शुभ, पाडलं तर बरकत जाते, असं अनेक जण मानतात. माझ्या मते ते पाडायलाच हवं. ही माशी भिंतीवर थांबत नाही. सॉकेटची भोकं, एसीची पाणी सोडणारी नळीही बुजवते. १९९६ साली डोमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बर्गनएअरचं विमान कोसळून १८९ माणसं गेली. वेग मोजणारी नळी तुंबल्याचा निष्कर्ष निघाला आणि संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता.

कोळिष्टक: तो दाखला भिंतीवरच्या घरट्याला लागू नाही. ही एकटी राहणारी माशी. गांधीलमाशीसारखी घरट्याची राखण करत नाही, दाबली गेल्याशिवाय सहसा डसत नाही. कोळी पकडून डंखाने लुळे करते, खोलीत ठासून भरते, एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. कोळी जिवंत असल्यामुळे अळीला अन्न ताजं मिळतं. घरातले कोळी फुकटात कमी होतात, मग पाडायचं कशाला?

मातीमोल: शुभ-अशुभ मला मान्य नाही, पण मागचं निरीक्षण पाहा. भ्रमर-कीट न्याय सांगतो की माशी गुणगुणत राहते आणि कोंडलेल्या किड्याचीच माशी होते. तिच्या काही जाती कोळ्यांऐवजी अळ्या भरतात, त्यामुळे आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, हे लोकांनी अचूक टिपलं. निसटलं ते अंडं. गुणगुणही खरी: ओली माती बसवताना ती अंग थरथरवते, त्याचा तो आवाज.

धागाकर्ता: निरीक्षण छानच. पण शुभ म्हटलं की लोक सॉकेटमधल्या मातीलाही हात लावत नाहीत. माझा आक्षेप तिथे आहे.

कोळिष्टक: सॉकेटपुरतं मान्य. मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, प्लेट उघडून माती कोरडीच खरवडा. पाणी अजिबात नको. नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावा. भिंतीवरच्या घरट्याला गोल भोकं दिसली तर माश्या उडून गेल्यात, पातळ पट्टीने खुशाल काढा. तोंडं लिंपलेली असतील तर थांबा. वरून स्प्रे मारून उपयोग नाही, मातीच्या थरातून तो आत फारसा पोचत नाही. आणि गळका नळ आधी दुरुस्त करा, चिखल ती तिथूनच उचलते.