मालवणला गेलात, पण काय पाहिलंत?

कोल्हापुरात 'कोकणात जाऊन आलो' म्हणजे निम्म्या वेळा मालवण, आणि मालवण म्हणजे मासे. पण हे बंदर आपल्या करवीरच्या छत्रपतींचं होतं. १८१२ च्या तहात ते इंग्रजांना द्यावं लागलं. ताटापलीकडचं काही आठवत असेल तर लिहा. चुकलं, फसलं, तेही चालेल.

फुलेवाडी
मीच सुरुवात करतो. पहिल्या खेपेला समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला जेटीवरूनच पाहिला. जूनचा पहिला आठवडा. होडीवाला म्हणाला, "वारो बघतास मा? होडी जावची नाय." गगनबावड्यावरून पोरांना ओकाऱ्या काढत आणलेलं! पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, एवढं तरी आधी विचारायला हवं होतं.

उत्तरेश्वर पेठ
होडीतून तट दिसतो, पण दरवाजा कुठं ते कळत नाही. अगदी खडकाला लागल्यावर दोन बुरुजांच्या वळणात तो सापडतो. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी समुद्र आणि विहिरीला गोडं पाणी. सासूबाईंनी ओंजळ भरून चाखलं, मग कुणाला पटेना म्हणून सगळ्यांना चाखायला लावलं. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात शिवाजी महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे. आमच्या धाकट्यानं मोठ्यानं विचारलं, "हे महाराज न्हवंत?" सगळी रांग वळून बघायला लागली.

राजारामपुरी
१७६५ ला इंग्रजांनी हाच किल्ला घेऊन 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव ठेवलं होतं. नंतर पैसे घेऊन करवीरला परत दिला. म्हणजे आपलाच किल्ला आपण विकत घेतला.

कसबा बावडा
जेवण झकास, पण आमच्या दाजींनी सुरमईबरोबर तांबडा रस्सा मागितला. वाढणाऱ्या काकूंनी नुसतं बघितलं. सोलकढीची वाटी पुढं सरकवली.

मंगळवार पेठ
वेळ असेल तर विजयदुर्गही करा. तो किल्ला मूळचा शिलाहार राजा भोजाचा मानतात, पन्हाळ्यावर ज्याची राजधानी होती तोच. जवळच गिर्येला आरमाराची जुनी गोदी आहे. तिथं आम्ही सोडून कुणी नव्हतं.

शाहूपुरी
माझा जन्म गुळाच्या सौद्यात गेला, म्हणून संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा लिलाव बघायला उभा राहिलो. होड्या लागल्या की वाळूतच ढीग मांडतात. बोली इतकी भरभर की आकडा कानात शिरायच्या आत पुढचा. बायकोनं मला दाखवायला म्हणून बांगड्यांच्या टोपलीकडं बोट केलं. बोलीवाल्यानं ती बोलीच धरली. नाही म्हणायची लाज वाटली, पैसे मोजले. थर्माकोलचा डबा शोधून बर्फ भरला, फोंडा घाट चढेपर्यंत निम्मा बर्फ वितळला. शेजारच्या चार घरांत बांगडे वाटले. गाडीचा वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही.